घडी

जुलैत मोखोत्लोंगला बर्फ पडतो
आणि दवाखान्यातला कॉम्प्युटर बटण दाबल्यापासून
अकरा मिनिटं घेतो शुद्धीवर यायला.
मोजली मी. तेवढ्यात
रांगेतल्या दोघांचा ताप बघून होतो,
एक बाळ रडतं, पितं, झोपतं,
आणि नर्स मालेराटो खिडकीशी उभी राहून
चढावरून घोड्यावर कोण येतंय
ते नावानिशी सांगते.

"नवा का नाही मागत?"
"मागितलाय," ती म्हणाली. "तू शाळेत होतास तेव्हा."

बरं. रॅम पाचशे बारा एमबी.
आधी झाकण काढलं. पंख्यात लोकर.
खरीच लोकर, मेंढीची, धुराने पिवळी पडलेली.
चिमट्याने ओढून काढली
आणि खिशात ठेवली, का कोण जाणे.

सिस्टीम हलकीच आहे,
रेलेबोहिले इथे कारकून होती तेव्हा तिने टाकलेली.
नटणं-मुरडणं नाही. खिडक्यांना सावली नाही,
पडद्यामागे डोंगराचं चित्र नाही
(डोंगर बाहेर आहेच, फुकट, आणि रॅम खात नाही).
पण सडाफटिंग माणसाच्या घरातही
चार वर्षांत सामान साठतंच.

एकेक उठवून विचारलं, तू कोण?
एक प्रिंटरची वाट बघत होता,
तो प्रिंटर दोन हिवाळ्यांमागे मासेरूला दुरुस्तीला गेला
तो गेलाच.
एक ब्लूटूथवाला, अंधारात हाका मारत बसलेला.
एक दर तासाला अपडेट विचारायचा,
जिथे इंटरनेट
वारा पडला तर येतं.
सगळ्यांना निरोप दिला.

तरी जागा पुरेना.
पुरेनाशी झाली की तो डिस्ककडे धावायचा,
आणि डिस्क म्हणजे म्हातारी, कण्हत कण्हत
एकेक गोष्ट शोधून देणारी.
मी हात चोळत बसलो.
समोर मालेराटो रुग्णांची ब्लँकेटं आवरत होती.
फळी वीतभर, ब्लँकेटं नऊ.
हनुवटीखाली धरून, गुडघ्याने दाबून
तिने अशी घडी घातली
की नऊच्या नऊ बसली, वर हातभर जागा उरली.

तेच केलं.
रॅममध्येच एक कोपरा आखून दिला:
लगेच लागत नाही ते इथे दाबून ठेव,
लागेल तेव्हा उलगड. बाहेर धावू नकोस.
प्रोसेसरला काम पडतं थोडं.
पडू दे. थंडी आहे,
अंग गरम राहील.

यादीत शेवटी एकच उरला होता.
नाव नाही, रेलेबोहिलेच्या हाताचे चार ओळींचे अक्षर.
रोज दहाला पडद्यावर चौकट उघडायची:
*न्ताते सेआबाता. इन्सुलिन. यायला उशीर झाला तर मुलाला पाठवा.*
सहा एमबी.
"हे काढू?"
मालेराटो चष्मा पुसत राहिली.
"सेआबाता गेले. मागच्या मे महिन्यात.
इन्सुलिनमुळे नाही, नदी ओलांडताना."
"मग काढतो."
"राहू दे. ते उघडलं की मी चहा ठेवते."

सहा एमबी. मी हिशेब पुन्हा केला,
ब्राउझरचा एक टॅब कमी धरला,
आणि राहू दिलं.

बंद करून चालू केला.
ती सवयीने खिडकीशी गेली,
चढावर एक ठिपका होता, राखाडी घोडा असावा,
"हा तर," म्हणाली, "हा..."
आणि मागे कॉम्प्युटर तयार.
एक मिनिट, पन्नास सेकंद.
ती पडद्याकडे बघते, खिडकीकडे बघते,
जरा रागावल्यासारखी.

पैसे पुढच्या महिन्यात, म्हणाली.
पावती मागितली मी. हसली.
प्रिंटर.