दार तेच दाखवलंय

पट्टा सुरू झाला की बेदाणा येतो,
हिरवा, पिवळा, मधूनच काळा,
आणि त्याच्या मागोमाग काल रात्रीची मालिका.

तासगावच्या बाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चौदा जणी.
तोंडाला ओढण्या, डोळ्यांत गंधक.
बोटं काड्या वेचतात,
जिभा मोकळ्या.

काल माझ्याकडं लाईट नव्हती.
‘सांगा की गं,’ म्हटलं, तिथं चुकलं.
बारा जणींनी एकच भाग सांगितला,
त्याचे बारा भाग झाले.
एवढं मात्र सगळ्यांचं जुळलं:
अठरा वर्षांनी नवरा परत आला,
दारात उभा राहिला,
ती आतून आली, हात कडीवर ठेवला,
आणि पुढचं सोमवारी.

यल्लव्वा म्हणाली, ‘जिना उतरायलाच
हिला तीन दिवस लागले.
बुधवारी निघाली, शुक्रवारी पोचली.
आमची जतची एस्टी बरी.’

शमीम मुजावरचा राग व्हायोलिनवर.
‘रडायचं कधी ते मला कळतंय की.
आधीच कशाला वाजवतात?
आलेलं रडू पळून जातं माझं.’

पद्मल चौगुले हिशेबाची.
‘अठरा वर्षं हिनं खाल्लं काय?
नोकरी नाही, रान नाही,
रोज नवी साडी.
लिहिणाऱ्याला एकदा रेशनच्या रांगेत उभा करा.’

वैजू सगळ्यात लहान, बारावीला एकदा बसलेली.
तिचं म्हणणं, दार उघडावं.
‘प्रेम होतं त्यांचं. दाखवलंय की,
पहिल्या महिन्यात, उसाच्या बांधावर.’
‘पहिल्या महिन्यात सगळ्यांचंच असतं,’
यल्लव्वा म्हणाली, आणि हसण्याच्या नादात
मूठभर काळा बेदाणा तसाच पुढं गेला.

मग तट पडले.
पट्ट्याच्या अलीकडं उघडू नये,
पलीकडं उघडावं.
आणि मी, जिनं बघितलंच नाही,
तिचं मत दोन्हीकडच्यांना हवं.

अनसाला कुणी विचारलं नाही.
तिचा नवरा गलाईला गेलेला,
आधी कोइमतूरला, मग पार तिकडं पूर्वेला,
लोकांचं सोनं वितळवायला.
चार वर्षं मनीऑर्डर आली,
मग पत्ता बदलल्याचं कार्ड,
मग काही नाही.
हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून तर
एवढ्या मोठ्यानं भांडत होतो आम्ही
कुणा भलतीच्याच दारावरून.

अनसानं काडी काढली, बाजूला टाकली.
म्हणाली,
‘दार तेच दाखवलंय.’

कुणाला काही कळलं नाही.

‘अठरा वर्षं म्हणताय न्हवं?
तेच दार, तीच कडी, त्योच निळा रंग.
असं कुठं असतंय व्हय?
वाळवी लागती. चौकट फुगती.
पोरं मोठी हुत्यात, लाथ मारून उघडत्यात.
मी दोनदा बदललं.
आता लोखंडी हाय, बेल बसवलीया.
आला तर त्येला
वाजवायचं कुठं ते बी घावायचं न्हाई.’

पट्ट्याचा खडखडाट तेवढा ऐकू आला.
व्हायोलिन कुठंच वाजलं नाही.

सोमवारी लाईट होती. मीही बघितलं.
मंगळवारी सगळ्या मुकाट्यानं बसलेल्या,
शेवटी वैजूलाच राहवलं नाही.
‘वाऱ्यानं उघडलं.’
‘कडी लावलेली की गं!’
‘तरी बी. वाऱ्यानं.’

यल्लव्वाला हसून हसून ठसका लागला,
मुकादम बाहेरून ओरडला, पेट्या भरा म्हणाला.
पद्मल म्हणाली, ह्याचे पैसे मिळतात त्यांना.
‘मग सोडायची का बघायची?’ मी विचारलं.

‘सोडायची कशाला,’ अनसा म्हणाली,
आणि टाकायच्या टोपलीतला एक दाणा
उचलून तोंडात टाकला.
‘गोडच हाय की.’
दुसरा घेतला.