आधी कंदील

हरिपूरच्या पेवाचं तोंड उघडलं
की बाप लगेच उतरायचा नाही.
आधी कंदील सोडायचा.
काथ्याची दोरी, दोन पदरी, पीळ घट्ट,
आणि वर मी, नऊ वर्षांचा,
दोरी हातात, जीभ दातात.
"इझला का?"
"न्हाई."
"थांब. बुडाला टेकू दे."

पंधरा हात खोल अंधार.
पाचटाचा, कोंडलेल्या हळदीचा वास.
कंदील विझला तर बसून राहायचं,
इब्राहीमचाचाची बिडी, त्याच्या कुस्त्यांच्या थापा,
हवा पालटेपर्यंत.
घाई करून उतरलेल्यांची नावं
गावाला पाठ होती.

पेपरात रोज कशाचं ना कशाचं पेव फुटतं.
लिहिणाऱ्यानं पेव पाहिलेलं नसतं.

परवा मिरजेत
डॉक्टर मगदूमबाईंनी माझ्यात कंदील सोडला.
आदल्या रात्री दोन लिटर खारट पाणी,
बारा खेपा. तोलाईदार माणूस मी, मार्केट यार्डातला,
मोजणं सुटत नाही.
डाव्या कुशीवर, गुडघे छातीशी,
अर्धवट गुंगीत पडद्यावर पाहिलं:
गुलाबी, ओलं, वळणावळणाचं पेव.
मग एका वळणावर
बाई बोलायच्या थांबल्या.

कंदील विझला नव्हता.
त्याच्याच उजेडात दिसली
गाठ.

आठवड्यानं कागद आला.
वय शेहेचाळीस. तंबाखू नाही, दारू नाही,
घराण्यात कुणाला नाही.
मलाच का, असं मी विचारलं नाही.
विचारलं, किती जुनी?

बाईंनी माझ्याच रिपोर्टच्या पाठीवर
पेनानं एक दोरी काढली.
दोन पदरी.
म्हणाल्या, पेशीपेशीत ही असते,
पीळ घातलेली, तुमचं सगळं हिच्यात लिहिलेलं.
आतड्यात अब्जावधी जंतू,
बहुतेक भले, भाडं देऊन राहणारे.
एका जातीतले काही मात्र विष करतात.
ते विष या पदराला त्या पदराशी
नको तिथं बांधून टाकतं.
पेशी पीळ उलगडायला जाते, अडते.
सांधायला जाते, चुकते.
चूक तशीच पुढच्या पेशीच्या पदरात पडते.

"कधी बांधतं?"
"काही संशोधक म्हणतात, लहानपणीच. दहाच्या आत.
संबंध दिसतोय इतकंच. तुमच्यात तेच झालं
असं मी छातीठोक सांगणार नाही."

दहाच्या आत.
मी खुर्चीतल्या खुर्चीत नऊ वर्षांचा झालो.
संगमावर ओंजळीनं प्यायलेलं पाणी?
मळ्यातला न धुतलेला पेरू?
गोवराच्या वेळचं, की त्या तापातलं औषध?
एकेक काढून काट्यावर ठेवत गेलो,
पारडं हललं नाही.

आणि त्या जंतूला तरी काय ठाऊक.
शेजाऱ्याशी भांडण होतं त्याचं,
जागेचं, अन्नाचं, आपल्यासारखंच.
शेजाऱ्यासाठी वाटलेलं विष
घरमालकाला लागलं.
सदतीस वर्षं आम्ही एका ताटात जेवलो.

रात्री पोटात पीळ पडतो
तेव्हा मला ती दोरी दिसते,
एका जागी गाठ बसलेली,
आणि अंधारात कुणीतरी
नखांनी ती सोडवू पाहतंय.

सोमवारी ऑपरेशन.
बापाला सांगायचं नव्हतं, पोटात ठेवणार होतो,
पण तो पिशवीतला पायजमा बघत होता.
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा सातगोंडा,
छातीत अजून हळदीची घरघर.
सगळं ऐकलं. पदर, जंतू, विष, सगळं.
बराच वेळ अंगठ्यानं तळहात चोळला,
जिथं दोरीचा घट्टा आहे.

"कंदील सोडला व्हता?"
"सोडला."
"इझला?"
"न्हाई."
"मंग उतरू दे त्यास्नी."

दिवा मालवून झाल्यावर
पलीकडच्या खाटेवरून पुन्हा आवाज आला.
"आन वर दोरी
कोन धरनार हाय?"