खडूच्या गावातला बुधला

वाळला की दिसतो.
ओला असेपर्यंत बुधला निर्मळ,
आरपार शेडची खिडकी,
खिडकीपलीकडे हिल्डा स्टॅदर्सचे कोबीचे वाफे.
मग तासाभराने, उन्हं आत आली की
आतून पांढुरकी साय धरते काचेवर,
डोळ्यात सारा पडावा तशी.

पाच गॅलनचा बुधला, ड्रिफील्डच्या लिलावात सव्वीस पौंडांना घेतलेला.
त्यात मी बिअर करतो, निवृत्त झाल्यापासून,
कारण बस चालवायची नसली
की सकाळ फार लांब होते.

मेमधल्या घाण्याची गोष्ट गावाला पाठ आहे.
क्रिकेट क्लबच्या चहाला चाळीस बाटल्या नेल्या,
आणि क्लाइव्ह हारलंडने पहिला घोट
तोंडात धरला, माझ्याकडे बघितलं,
उठून झाडीमागे गेला.
परत आला तो मिशी पुसत: "सॅलडवर छान लागेल."
लोक हसले. मीही हसलो.
चाळीसच्या चाळीस मी एकट्याने मोरीत ओतल्या,
आठवडाभर शेडला व्हिनेगरचा वास.

म्हणून या वेळी सोडा.
डब्यावर दोन चमचे लिहिलं होतं.
मी सहा घातले, कढत पाणी, रात्रभर.
सकाळी फेसाची जुनी तपकिरी कड
आपोआप सुटून तळाशी पडलेली, सापाच्या कातेसारखी.
मी विजयी. बोटं बुळबुळीत,
कितीही धुतली तरी मासा धरल्यासारखी.
बुधला खळबळून काढला, एकदा, तीनदा, सातदा,
पुढे मोजणं सोडलं.

आणि वाळल्यावर साय.

ब्रश वाकवून घातला, तांदूळ टाकून हलवला.
काच झिजेल, ती जायची नाही.
पाणी पडलं की लपते,
घरात पाहुणा आला की भांडण लपतं, तशी.
पाहुणा गेला की तिथेच.

हिल्डा कुंपणावरून बघत होती.
एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
किटल्या खरवडलेली बाई.
आत आली, बुधल्याच्या गळ्यात बोट घालून
अंगठ्यावर चोळलं.
"हा मळ नाही," म्हणाली, "ही टेकडी आहे."

आमच्या नळाला टेकडीच येते.
वर वोल्ड्सवर पाणी मुरतं खडूत,
उतरताना खडू घेऊन उतरतं,
आणि खडू म्हणजे तरी काय, समुद्र,
इवल्या इवल्या जिवांची घरं,
रिकामी, दाबलेली, पांढरी.
माझ्या सोड्याने त्यांना पाण्यातून ओढून काढलं
आणि काचेवर लिंपलं.
अति तिथे माती.
आमची माती पांढरी, एवढंच.

"मग?"
"व्हिनेगर."

मी तिच्याकडे बघत राहिलो.
ज्याच्या एका थेंबाच्या धाकाने
दोनाचे सहा चमचे केले,
तेच आता आपल्या हाताने ओतायचं?
"दुकानातलं रे. त्यात जीव नसतो.
चिप्सवर घालतोस की नाही?"

ओतलं. डोळे जवळजवळ मिटूनच.
कान लावला तर आत बारीक तडतड,
कागदावरून मुंग्या चालाव्यात एवढी.
बुडबुडे उठले, फुटले,
सात-आठ कोटी वर्षं दगडात धरलेला श्वास
माझ्या शेडमध्ये सुटला
आणि हिल्डा म्हणाली, "हळू फिरव. खांद्याशी जास्त आहे."
मी फिरवत राहिलो,
दूध प्यालेलं बाळ धरावं तसा छातीशी धरून.

मग पाणी. तेच, टेकडीचं.
शेवटचा हात तेवढा
किटलीत उकळून निवळलेल्या पाण्याचा.
आणि पुसायचं नाही, तिने बजावलं,
उलटा ठेवून विसरून जायचं.

विसरणं मला जमत नाही.
रात्री दोनदा टॉर्च घेऊन गेलो.
सकाळी आरपार खिडकी, कोबी,
कोबीत वाकलेली हिल्डा,
काचेमुळे जरा जास्तच वाकलेली.
खांद्यापाशी नखाएवढा एक ठिपका उरलाय.
तो राहू दिला.
वास घेतला: काही नाही.
पुन्हा घेतला.

माल्ट शनिवारी येईल.
क्लाइव्हला अजून सांगितलेलं नाही.