पाणी पसरायला हवं

वाल्पाराइसोच्या चढावर, तिसऱ्या वळणाला
डॉन एलेउतेरिओचं गॅरेज.
समुद्र तिथून दिसत नाही,
पण त्याचा वारा येतो आणि लोखंड खातो.

सेन्योरा ओर्तेन्सिया वुकासोविचने
नवऱ्याच्या गाडीचा मागचा बंपर आणला,
चादरीत गुंडाळून, भाच्याच्या खांद्यावर.
म्हणाली, रंगवून द्या. राखाडी. चमक नको.

"क्रोम आहे हो, लोक यासाठी जीव टाकतात."

"चाळीस वर्षं तो गाडी मागे घ्यायचा
आणि मी फाटक धरून उभी.
चाळीस वर्षं ह्याच्यात मी बुटकी दिसले. वाकडी."

यावर डॉन काही बोलला नाही.
मला म्हणाला, यास्ना, मास्क लाव.

क्रोमवर रंग धरत नाही.
त्याला कुणाचंच काही धरत नाही,
चेहरा दिलात तर तोही परत करतो,
वर थोडा बिघडवून.
कोरडं घासायचं नाही, धूळ विषारी,
छातीत गेली की मुक्काम ठोकते.
पाण्यात भिजवलेला कागद, आणि खांदा.
पोपडे सुटलेत तिथे
जे निघतंय ते निघू द्यायचं,
कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत.
खाली निकेल, जुन्या दातासारखं पिवळट.
त्याच्या खाली गंज, वाट बघत बसलेला.

सकाळी त्यात माझं नाक होतं, भोपळ्याएवढं.
दुपारी नाक गेलं.
मग छताचा दिवा गेला.
खिडकीची एक उभी रेघ तेवढी हटेना,
तिच्यावर मी अर्धा तास घालवला.

मग तेलकटपणा काढायचा. मग पुन्हा काढायचा.
डॉनने मगभर पाणी ओतलं
आणि थेंब उभे राहिले, अळवावर राहतात तसे.
"अजून कुणाचा तरी हात आहे इथे."
हात माझाच होता,
एम्पानाडा खाऊन तसाच टेकवलेला.
पुसलं. नव्या फडक्याने पुन्हा पुसलं.
या वेळी पाणी पसरलं,
कुठेही न तुटता, कडेपर्यंत,
आणि कडेवरून निमूट खाली गेलं.
डॉन नुसता हुंकारला.
त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

प्रायमर. रात्रभर थांबणं. राखाडी, दोन हात.

शनिवारी ती आली. नखाने टिचकी मारली.
मग सवयीने वाकली, बट कानामागे सारायला,
आणि बटेला हात लावून
तशीच थोडा वेळ राहिली.

"दगड उडाला तर टवका जाईल," डॉन म्हणाला,
"खालचं क्रोम डोकावेल. आधीच सांगून ठेवतो."
"केवढं?"
त्याने करंगळीचं नख दाखवलं.

"एवढ्यात मी मावत नाही," ती म्हणाली,
आणि चादरीची घडी घालू लागली.