विषय क्रमांक चार : वास

पहिली तक्रार दिवाळीनंतरच्या गुरुवारची. अक्षर माझंच.
"बेसमेंटमध्ये मासळीसारखा वास. रात्री जास्त."
'सारखा' मी लिहिला होता.
पुढच्या पानावर तो गळला.

घणसोलीत, सेक्टर सातमध्ये, मासळी म्हटल्यावर
शोध तो कसला करायचा?
तळमजल्यावर बारकूबाई मढवी,
आणि बेसमेंटच्या जिन्याखाली तिची चिनीमातीची बरणी :
जवळा, सोडे, वाकट्या,
तोंडाला फडकं, फडक्याला सुतळी,
सुतळीला सात गाठी.
इमारत उभी आहे तिच्या सासऱ्याच्या साडेबारा टक्क्यांवर,
पण ते इतिवृत्तात येत नाही.
इतिवृत्तात येतं, "सर्वानुमते ठरले की".

नोटीस मी टाइप केली.
मला स्वतःला वास येत नव्हता.
रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं काढल्यावर
नाक फक्त चष्मा टेकायला उरतं.
"संबंधितांनी कृपया नोंद घ्यावी."
संबंधित एकच होती, आणि तिला वाचता येत नव्हतं.
मीच वाचून दाखवली.
तिने पदराला हात पुसले,
बरणी कमरेवर घेतली, लेकरू घेतात तशी,
आणि रिक्षाने सारसोळ्याला लेकीकडे पोचवून आली.

वास गेला नाही.

उंदरांसाठी माणूस आला. गोळ्या संपल्या, उंदीर निघाला नाही.
ड्रेनेजवाल्याने चेंबर उघडून हात जोडले,
"साहेब, इथे जेवायला बसा."
फिनेल ओतलं, तर तासभर फिनेल आणि मासळी.
सातशे दोन लिफ्टमध्ये नाकाला रुमाल लावून म्हणाले,
"भिंतीत मुरलंय हो तिचं. आता जात नाही."

मग मी तक्रारवही पुन्हा वाचली, नुसती वेळेची रकाने.
अकरा वीस. अकरा चाळीस. पावणेबारा.
दिवसाची एकही नाही.
सुकी मासळी घड्याळ कधी शिकली?

त्या रात्री साडेअकराला तिचं दार वाजवलं.
तिचंच का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.
ती चपला काढून उतरली, खाजणात उतरतात तशी.
पहिल्या खांबाशी थांबली.
"यो म्हावरा नाय."
दुसऱ्या खांबाशी, जरा वेळाने,
"म्हावऱ्याला मीठ आसतं. याला मीठ नाय."
मग गाड्यांच्या मधून,
अंधारात घरचं माणूस माठाकडे जातं तशी,
मीटररूमपर्यंत.
दाराला तळहात धरला, तव्यावर धरतात तसा.
"इकरं तापलंय. वायरमनला बोलव.
आन् तू मागं सर."

इर्शाद रात्री एकला आला, लुंगीवरच.
न्यूट्रलची पट्टी काळीठिक्कर,
खालचं प्लास्टिक सायीसारखं सुरकुतलेलं.
"हे करपताना असंच येतं, काका. मासळीसारखं.
आठवडाभर थांबला असता,
तर नोटीस वाचायला कोणी उरलं नसतं."
पॅनेलमधून एक जाड नवी केबल
छताच्या कडेकडेने निघालेली.
आम्ही टॉर्च धरून तिच्यामागे गेलो :
सातशे दोनची गाडी,
सोसायटीच्या मीटरवर,
रोज रात्री अकराला चार्जिंगला लागणारी.

"विद्युत दोष दूर करण्यात आला.
खर्च रुपये सहा हजार चारशे. विषय बंद."
खाली माझी सही आहे.

नोटीस काढताना चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही आला.
बारकूबाईला म्हटलं, बरणी आणा परत.
ती वाल सोलत होती. थांबली नाही.
"ऱ्हाऊंदे. तिकरं खारी हवा हाय. बरी हाय ती."

जिन्याखाली फरशीवर बरणीचा गोल राहिलाय, पांढरट.
पुसला की जातो, सुकला की उमटतो.
काल कोणी नव्हतं तेव्हा मी गुडघे धरून वाकलो,
नाक अगदी टेकवलं.
काही नाही.
मग बोट ओलं करून गोलावरून फिरवलं,
वर जिन्याकडे एकदा पाहिलं,
आणि जिभेला लावलं.