अठरा टन

शिरगाळीच्या वळणावर, जिथं खानापूरची बस गिअर बदलते,
तिथं दगड बसवायचा ठरला.
रंगवायचं काम माझ्याकडं.
मी टोपाण्णा. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या,
निवडणुकीला भिंती.
गेलेल्या पुलाचं काम पहिल्यांदाच.

पूल असा होता :
लोखंडी चौकटीला चौकट, मधे मनगटाएवढे खिळे,
वेल्डिंगचा एक टाका नाही,
खेळण्यासारखा जोडलेला.
मोरी वाहून गेली त्या वर्षी
फौजेनं तीन रात्रीत टाकला.
सहा महिन्यांनी काढून नेणार होते.
एकोणचाळीस वर्षं राहिला.
वरून गाडी गेली की फळ्या बोलायच्या,
झोपेतसुद्धा कळायचं आम्हाला :
ही दुधाची, ही उसाची,
ही बाळंतिणीला घेऊन निघालेली.

मग सिमेंटचा आला. मुका.
जुना लिलावात गेला, किलोवर.
उरले दोन काठांचे दोन धक्के, त्यांत उंबराची रोपं;
एक खिळा, भरमाण्णाच्या गोठ्यात, म्हैस बांधायला;
आणि एक पिवळी गोल चकती, तिच्यावर काळा अठरा,
म्हणजे अठरा टनांच्या वर चढू नका.
ती सांतानच्या गॅरेजात, ऑइलच्या डब्याला झाकण.

वर्गणी जमली. दगड आला.
आणि मग प्रश्न : लिहायचं काय, आणि कशात.
बसलिंगप्पा मास्तर म्हणाले, कन्नड वरती, नियम हाय.
भरमाण्णा म्हणाला, वर्गणी कुणाची जास्त ते बघा की.
पाटी म्हटली की आमच्याकडं हे असतंच.
एकेका पाटीवर मी तीन-तीनदा रंग चढवलाय
आणि तिन्ही वेळचे पैसे घेतलेत, खोटं का बोलू.
चहा दोनदा झाला.
आकड्यांवर तरी जुळेल वाटलं,
तर आकडेही तीन तऱ्हेचे निघाले.

कोपऱ्यात नागक्का बसून होती, न बोलावता आलेली.
म्हणाली, त्या पोराचं नाव घाला.
कुठल्या पोराचं?
दुसऱ्या रात्री पाण्यात गेलेल्याचं.
आम्ही गप्प.
ठाऊक होतं सगळ्यांना, आठवत कुणालाच नव्हतं.
नाव काय, अक्का?

नाव कुठं विचारलं मी. पाऊस तसला, कंदील तसला.
भाकऱ्या घेऊन गेलो होतो आम्ही बायका.
लांबचा होता, समुद्राकडचा. मराठी येत नव्हती,
कन्नडही त्याची नव्हती.
पिठल्याचा घास घेतला, माझ्याकडं बघितलं,
म्हणाला, उप्पु.
घाईत मीठ घालायचं राहिलंय, ते मला तेव्हा कळलं.

मास्तर हळूच म्हणाले, आमच्यातबी उप्पूच.
भरमाण्णा म्हणाला, आमच्यात मीठ. पण कळतंय की.

चिमूटभर दिलं तळहातावर, नागक्का म्हणाली.
हात लोखंडानं काळा झालेला.
थोडं सांडलं.
तेवढंच.

मी दगडावर मधोमध पिवळा गोल काढला,
सांतानकडची चकती ठेवून, पेन्सिल फिरवून.
आत अठरा, फौजेनं काढला होता तसाच.
कोण वर कोण खाली हा तंटा नको
म्हणून ओळी दोन बाजूंना, दोन लिप्यांत, एकच :
इथं पूल होता.
बेळगावकडून येणाऱ्याला एक दिसते,
रानाकडून येणाऱ्याला दुसरी.
गोलाखाली वीतभर जागा सोडली.
मास्तरांनी विचारलं, राहिलं का काही?
म्हटलं, राहू दे.

आता ड्रायव्हर लोक जाता जाता हात जोडतात,
कुठला देव ते न विचारता.
एकानं गाडी थांबवून विचारलं,
अठरा किलोमीटर काय आहे इथून?
नागक्का अमावस्येला येते, ओल्या हातानं
त्या वीतभर जागेला मीठ लावून जाते,
आणि दुपारी शेळ्या येऊन दगड चाटतात.
तिथला रंग आधी उडतो.
वर्षातून एकदा मी जातो. डबा माझा, ब्रश माझा.
पहिल्या कामाचे दोनशे
भरमाण्णाकडून अजून यायचेत.