खुणेपर्यंत

फत्तेगंजची दुपार, तिसरी बॅच.
वॉच ग्लासवर मीठ उतरवते आहे,
शेवटचे कण चमच्याला टिचकी मारून:
पाच पूर्णांक आठ, आठ दोन, आठ चार…
आठ पाच.
तेवढ्यासाठी पंखा बंद, आणि सगळे घामेघूम.

"अठ्ठावन्न पॉइंट पाचनं भागा. किती मोल?"
"शून्य पॉइंट एक."
"पाचशे मिलीत?"
"शून्य पॉइंट दोन."
इथवर सगळ्यांना येतं.

चुकतात ते पुढे.
अर्धा लिटर पाणी मोजून घेतात
आणि मग त्यात मीठ ओततात.
अरे, अर्धा लिटर घालायचं नाही,
अर्धा लिटर होईतो घालायचं.
मिठालाही जागा लागते.
बावीस वर्षं हेच वाक्य बोलते आहे मी,
आता तर झोपेतही बोलते म्हणे.

धैवत त्रिवेदीनं वॉश बॉटल जरा जोरात दाबली.
पाणी फ्लास्कच्या मानेत, खुणेच्या बोटभर वर.
"मॅडम, ड्रॉपरनं काढून घेऊ थोडं?"
काढशील. पण पाण्याबरोबर मीठही येईल ना.
"मग शून्य पॉइंट दोनच लिहू?"
लिहायला काय, पेन तुझं आहे.
पण खुणेच्या वर गेलं की संहती उरत नाही,
उरतो अंदाज.
ओतून दे. परत वजन कर.

रमणभाई बेसिनचा नळ सोडतो.
अर्ध्या तासाचं गणित
आजव्याच्या पाण्यातून विश्वामित्रीकडे निघतं.
"मीठुं गयुं," तो म्हणतो.
त्याच्याकडे गोडालाही हाच शब्द, मिठालाही.
मी बडोद्यातच जन्मले, तरी अजून हसू येतं.

बाटलीवर छापलंय: नव्व्याण्णव पॉइंट नऊ टक्के शुद्ध.
त्याखाली, बारीक: खाण्यासाठी नाही.

डॉक्टर शहांनी ह्यांना दिवसाला पाच ग्रॅम सांगितलंय.
सगळं धरून. आमटी, भाजी, पोळीची कणीक,
आणि खंडेराव मार्केटबाहेरची शेव-उसळ,
जी ह्यांनी कधी खाल्लेलीच नसते.
म्हणजे या काचेवर आत्ता जेवढं आहे
त्याहून कमी, आणि चोवीस तास पुरवायचं.

ताटात मीठ वाढायचं नाही, असं ठरलंय.
बरणी मी फडताळात वर ठेवते.
कढी आणायला वळले की
फडताळाचं दार कुरकुरतं.

एकदा बॅच गेल्यावर
ह्यांच्यासारखी तीन बोटांची चिमूट धरून
मी तराजूवर सोडली.
शून्य पॉइंट चार एक.
ह्यांची बोटं जाड. अर्धा ग्रॅम धरा.
तेव्हापासून आमटीत तेवढं आधीच कमी घालते.

"अळणी झालीय गं आज," हे म्हणतात.
मी गॅसकडे वळते,
झाकण उगाच उचलते, ठेवते.

दार दोनदा कुरकुरतं.